एक पाइप, दोन कामं: समुद्रातल्या उन्हापासून वीज आणि गोडं पाणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नातून निघाला. प्रश्न असा: उन्हापासून वीज करतात, उन्हानेच खाऱ्या पाण्याचं गोडं पाणीही करता येतं, मग दोन्ही एकाच यंत्रातून का काढत नाहीत?

प्रश्न अगदी रास्त आहे. छपरावरचं सौर पॅनल घ्या. त्यावर पडणाऱ्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत जातो, उरलेल्यातला बराचसा भाग पॅनल तापवण्यात वाया जातो. या वाया जाणाऱ्या उष्णतेवर खारं पाणी ऊर्ध्वपातित करायचं, असा प्रयोग सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातल्या संशोधकांनी केला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पॅनल वीज देत होतंच, त्याच्या पाठीला लावलेल्या पडद्यांच्या थरांतून चौरस मीटरमागे तासाला दीड लिटरहून जास्त गोडं पाणीही मिळालं. पण हा झाला अलीकडचा प्रयोग. आज मला जी गोष्ट सांगायची आहे ती याहून बरीच जुनी आहे, आणि ती येऊन थांबते आपल्याच लक्षद्वीपमध्ये. त्या गोष्टीतलं सौर पॅनल कोणी बनवलेलं नाही. ते पॅनल म्हणजे समुद्र.

समुद्र कसा तापतो

उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर वर्षभर ऊन पडतं आणि वरचा थर ते शोषून घेतो. आपल्याकडच्या समुद्रात पृष्ठभागाचं पाणी साधारण २८ अंश सेल्सियस असतं. रात्र झाली म्हणून ते एकदम गार होत नाही. म्हणजे ऊन गोळा करणं आणि साठवणं ही दोन्ही कामं समुद्र फुकटात करतो. त्याच समुद्रात १,००० मीटर खाली गेलात तर पाणी पाच-सात अंशांचं असतं, कारण ध्रुवांकडे गार होऊन बुडालेलं पाणी तळातळाने इथवर सरकत येतं. वर कोमट, खाली गार. जिथे उष्णतेत असा फरक असतो तिथे इंजिन चालवता येतं, हे एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनियरांना पाठच होतं.

१८८१ मध्ये जाक आर्सेन दार्सोनव्हाल या फ्रेंच वैद्यक आणि भौतिकतज्ज्ञाने ही कल्पना कागदावर मांडली. कमी तापमानाला उकळणारा एखादा द्रव घ्या, कोमट पाण्याने त्याची वाफ करा, त्या वाफेवर टर्बाइन फिरवा, आणि खोल समुद्रातल्या गार पाण्याने वाफ पुन्हा द्रव करा. आज याला ओटेक म्हणतात, मराठीत सागरी औष्णिक ऊर्जा. दार्सोनव्हालच्या पद्धतीत वीज मिळते, पाणी मात्र मिळत नाही. पाण्याची गोष्ट सुरू होते त्याच्या शिष्यापासून.

क्लोदची दोन भांडी

हा शिष्य म्हणजे जॉर्ज क्लोद. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी त्याचं काम तुम्ही रोज बघता. दुकानांच्या पाट्यांवरचा निऑनचा दिवा त्याने १९१० मध्ये पॅरिसमध्ये दाखवला होता. हवा द्रवरूप करण्याच्या धंद्यातही त्याने चांगला पैसा कमावला. मग त्याचं लक्ष समुद्राकडे गेलं.

क्लोदचं म्हणणं सरळ होतं. दुसरा द्रव हवाच कशाला? समुद्राचं पाणीच उकळूया. आता २८ अंशांचं पाणी कसं उकळणार? तर त्याच्यावरचा हवेचा दाब काढून. तुम्ही कधी हिमालयात गेला असाल तर तिथे भात नीट शिजत नाही हे पाहिलं असेल, कारण दाब कमी आणि पाणी लवकर उकळतं. दाब अजून उतरवत गेलात आणि तो नेहमीच्या हवेच्या पंचविसाव्या हिश्शाच्याही खाली गेला, की २८ अंशांचं पाणीसुद्धा खळाखळा उकळायला लागतं. विस्तव नाही, इंधन नाही.

१९२६ च्या नोव्हेंबरमध्ये क्लोद आणि त्याचा सहकारी पॉल बुशेरो यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीसमोर हे करून दाखवलं. दोन भांडी, एकात कोमट पाणी, दुसऱ्यात बर्फ, मध्ये एक छोटं टर्बाइन. निर्वात पंपाने हवा खेचली, कोमट पाणी उकळलं, वाफ बर्फाकडे धावली, वाटेत टर्बाइन फिरलं आणि छोटे दिवे लागले.

आता इथे जरा थांबूया, कारण पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर उभी आहे. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागे राहतं. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ म्हणजे शुद्ध पाणी. ती वाफ नळ्यांच्या बाहेर थंड केली आणि नळ्यांच्या आतून गार समुद्राचं पाणी फिरवलं, तर नळ्यांवर जमतं ते गोडं पाणी. म्हणजे वीज करता करता गोडं पाणी आपोआप होतंच. प्रश्न एवढाच, की ते गोळा करायचं की नाही.

क्लोदने ते गोळा केलं नाही. पुढे त्याने उभारलेल्या यंत्रात वाफ थंड करायला गार समुद्राच्या पाण्याचा फवारा थेट वाफेतच सोडला होता. त्याचं कारण व्यवहाराचं होतं. नळ्यांचा खर्च वाचतो, आणि वाफ झटकन थंड झाल्यामुळे टर्बाइनला जोर मिळतो. तापमानाचा फरक इतका कमी असताना नळीच्या भिंतीपायी एखादा अंश गमावणंही परवडत नव्हतं. त्यामुळे तयार झालेलं गोडं पाणी त्याच क्षणी खाऱ्या पाण्यात मिसळून परत समुद्रात जात होतं.

मातान्झासचा पाइप

१९२८ मध्ये बेल्जियममधल्या उग्रे इथे, पोलाद कारखान्यातलं कोमट पाणी आणि नदीचं गार पाणी वापरून क्लोदने मोठं यंत्र चालवून पाहिलं. मग तो क्युबाला गेला. मातान्झासच्या उपसागरात किनाऱ्याजवळच समुद्र खोल होतो. तिथे त्याला हवा होता सुमारे २ किलोमीटर लांबीचा आणि दीड मीटरहून जास्त व्यासाचा पोलादी पाइप, खालचं गार पाणी वर आणायला.

पहिला पाइप समुद्रात गेला. दुसराही गेला. पैसा बहुतांशी क्लोदचा स्वतःचा होता. १९३० मध्ये तिसरा पाइप जागेवर बसला आणि यंत्राने २२ किलोवॅट वीज दिली. पण पाणी खेचायला आणि निर्वात राखायला त्याहून जास्त वीज लागत होती. म्हणजे हिशेब तोट्याचा! तरी समुद्राच्या पाण्यावर टर्बाइन फिरतं, एवढं सिद्ध झालं. थोड्याच दिवसांत समुद्राने तो पाइपही मोडला.

पुढे क्लोदने 'ला तुनिसी' नावाची मालवाहू बोट घेऊन ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर तरंगतं केंद्र करायचं ठरवलं. या वेळी वीज विकायची नव्हती, तिच्यावर बर्फ करून तो रिओला विकायचा होता. तिथेही बोटीखाली उभा पाइप लावताना लाटांनी डाव उधळला आणि मोहीम सोडून द्यावी लागली.

या माणसाचा शेवट सांगणंही भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मनांशी सहकार्य करावं असा उघड प्रचार केला. १९४५ मध्ये त्याला जन्मठेप झाली, १९५० मध्ये तो सुटला, १९६० मध्ये वारला. युद्धानंतर फ्रेंच सरकारने आफ्रिकेतल्या आबिजानसमोर वीज आणि गोडं पाणी दोन्ही देणारं केंद्र आखलं होतं. ते कागदावरच राहिलं.

इंधनाचा खर्च शून्य असूनही हे केंद्र महाग का पडतं, ते बघूया. २८ अंश आणि ५ अंश यांच्यातल्या फरकातून कोणतंही इंजिन जास्तीत जास्त साडेसात टक्के उष्णता कामाला लावू शकतं. हा निसर्गाचा नियम आहे, त्यात कारागिरीचा दोष नाही. प्रत्यक्षात तीनेक टक्के हाती येतात आणि त्यातलाही मोठा वाटा पंप खातात. म्हणून प्रचंड पाणी खेचावं लागतं, म्हणून पाइप रुंद आणि लांब, म्हणून खर्च आणि धोका. सगळी रक्कम त्या पाइपात बुडते, कधी कधी अक्षरशः.

हवाईचे सहा वर्षांचे आकडे

१९७३ मध्ये तेल महागलं आणि जुन्या फायली पुन्हा उघडल्या गेल्या. १९७९ मध्ये हवाई बेटांजवळ केआहोले पॉइंटसमोर एका बार्जवर छोट्या केंद्राने पहिल्यांदा पंपांचा खर्च वजा जाता थोडी वीज शिल्लक टाकली. ते दार्सोनव्हालच्या पद्धतीचं होतं. या वेळी पाइप प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिथिलीनचा होता. तो लवतो, गंजत नाही. क्लोदला ही चीज मिळाली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, असं मला नेहमी वाटतं.

१९९३ ते १९९८ या काळात त्याच ठिकाणी क्लोदच्या पद्धतीचं, म्हणजे समुद्राचंच पाणी उकळणारं केंद्र चाललं. या केंद्राने दोन्ही गोष्टी एकत्र दिल्या. सर्वाधिक उत्पादन २५५ किलोवॅट, त्यातले पंप वजा जाता १०३ किलोवॅट शिल्लक, आणि गोडं पाणी सेकंदाला ०.४ लिटर. सेकंदाला अर्ध्या लिटरहून कमी ऐकायला किरकोळ वाटतं. पण दिवसाचा हिशेब मांडा: सुमारे ३४,५०० लिटर. आपल्याकडे शहरात माणशी १३५ लिटर धरतात, त्या हिशेबाने अडीचशे माणसांचं पाणी झालं.

यातली गंमत पुढे आहे. हे पाणी एकूण वाफेच्या फक्त १० टक्क्यांतून काढलं होतं. उरलेली ९० टक्के वाफ क्लोदच्याच पद्धतीने खाऱ्या पाण्यात मिसळत होती. मुख्य प्रयोग विजेचा होता, पाणी हे जोडउत्पादन.

आज त्या जागी काय चालतं माहीत आहे? तिथल्या खोल समुद्राच्या पाइपांवर मत्स्यशेती उभी राहिली, आणि खोल समुद्राचं पाणी गोडं करून बाटल्यांत भरून जपानला विकण्याचा धंदाही झाला. ज्याला जोडउत्पादन म्हटलं होतं, त्याला गिऱ्हाईक आधी मिळालं.

आपल्या लोकांनी टर्बाइनच काढून टाकलं

आता आपल्या देशात येऊ. १९९३ मध्ये चेन्नईत राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली, इंग्रजी आद्याक्षरांवरून एनआयओटी. त्यांनी जपानच्या सागा विद्यापीठाच्या मदतीने १ मेगावॉटचं तरंगतं केंद्र करायचं ठरवलं. बार्जचं नाव 'सागर शक्ती'. जागा तमिळनाडूतल्या तुतिकोरिनसमोर. हवा होता सुमारे १ किलोमीटर लांबीचा पाइप, बार्जखाली टांगलेला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो बसवायचे प्रयत्न झाले आणि फसले. पुन्हा पाइपच!

इथे दुसरी एखादी संस्था फाइल बंद करून मोकळी झाली असती. या लोकांनी प्रश्न उलटा केला. टर्बाइन फिरवायला तापमानाचा मोठा फरक लागतो, म्हणून १,००० मीटर खोल जावं लागतं. पण नुसती वाफ करून ती थंड करायची असेल तर तेवढा फरक लागत नाही. १५ अंशही पुरतात. आणि १२-१३ अंशांचं पाणी साडेतीनशे मीटरवरच मिळतं. म्हणजे पाइप एकदम आटोक्यातला झाला. क्लोदच्या यंत्रातून टर्बाइन काढून टाका, वाफ नळ्यांवर थंड करा, उरतं ते गोड्या पाण्याचं केंद्र.

२००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर असं केंद्र सुरू झालं. क्षमता दिवसाला १ लाख लिटर. प्रवाळबेटाचा उतार समुद्रात जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे सुमारे ६०० मीटर लांबीच्या पाइपात काम भागलं. २००७ मध्ये 'सागर शक्ती' बार्जवरच, चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटर आत समुद्रात, दिवसाला १० लाख लिटरचं तरंगतं केंद्र चालवून दाखवलं. जी बार्ज विजेसाठी बांधली होती, ती शेवटी पाणी देऊन गेली. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती या बेटांवर केंद्रं झाली, नंतर आणखी बेटांचा नंबर लागला.

कवरत्तीच्या लोकांना याचं अप्रूप का, ते समजून घ्यायला हवं. प्रवाळबेटावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगत राहतं. विहिरीतून जरा जास्त उपसा झाला की खालचं खारं पाणी वर येतं. माझं आजोळ दापोलीकडचं, समुद्राला लागून. मे महिन्यात विहीर मचूळ झाली की घरातल्या बायका काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. पण तिथे निदान मागे डोंगर आहे, टँकर येतो. बेटावर मागे काहीच नाही. कवरत्तीची वस्ती अकरा हजारांच्या आसपास. १ लाख लिटर म्हणजे माणशी आठ-नऊ लिटर. पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरतं, अंघोळ-धुण्याला नाही.

मग आरओ का नाही केलं, असं कोणी विचारेल. आरओला विजेचा खर्च कमी येतो, समुद्राच्या १,००० लिटर पाण्याला साधारण तीन-चार युनिट. पण त्याला पडदे बदलायला लागतात, रसायनं लागतात, आणि जे पाणी उरतं ते जवळजवळ दुप्पट खारं. ते प्रवाळाजवळ सोडणं धोक्याचं. वाफेच्या पद्धतीत १,००० लिटर कोमट पाण्यातून पाचेक लिटरचीच वाफ होते, त्यामुळे उरलेलं पाणी जेमतेम खारावतं.

डिझेलची अडचण

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पाणी उन्हाने तापलेल्या समुद्रातून येतं खरं, पण पंप कशावर चालतात? बेटावरच्या विजेवर. आणि लक्षद्वीपची वीज मुख्यतः डिझेलच्या जनरेटरवर होत आली आहे. ते डिझेल मुख्य भूमीवरून बोटीने येतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटींचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणजे नळाला आलेल्या प्रत्येक लिटरमागे लांबून आणलेल्या डिझेलचे काही थेंब आहेत. डिझेल थांबलं तर पाणीही थांबलं.

म्हणून आता काढून टाकलेलं टर्बाइन परत आणायचं ठरलं आहे. कवरत्तीवर ६५ किलोवॅटचं ओटेक केंद्र उभारण्याचं काम एनआयओटीने हाती घेतलं. त्याची वीज दिवसाला १ लाख लिटर गोडं पाणी करणाऱ्या केंद्राला मिळणार. ६५ किलोवॅट म्हणजे काय, मुंबईतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या लिफ्ट आणि पंपांना लागेल एवढी. विजेचं केंद्र म्हणून याच्याकडे पाहिलं तर हसू येईल. पण हे केंद्र गावाला वीज विकण्यासाठी नाहीच. पाण्याने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे.

माझ्या मते श्रोत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. वीज आणि पाणी एकत्र काढायचं ते यंत्र हुशार दिसावं म्हणून नव्हे. यात सगळ्यात महाग वस्तू आहे पाइप. नुसत्या विजेने तो पाइप परवडत नाही, हे क्लोदपासून तुतिकोरिनपर्यंत सगळ्यांनी अनुभवलं. नुसत्या पाण्यासाठी टाकला तर डिझेल मागे लागतं. दोघांनी एक पाइप वाटून घेतला तर हिशेब जुळण्याची शक्यता आहे. तीही सगळीकडे नाही. जिथे डिझेल महाग, पाणी दुर्मिळ आणि खोल समुद्र दाराशी, अशा ठिकाणीच.

कोकणात का नाही?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. आपला समुद्र कोमट आहे, पण खोल नाही. मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे समुद्राखालची उथळ जमीन, सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरली आहे. गार पाणी त्याच्याही पलीकडे. एवढा पाइप कोणी टाकणार नाही. मुंबईसाठी मनोरीला जो प्रकल्प ठरला तो आरओचा आहे, यामागे हा भूगोलही आहे. एक वाट मात्र आपल्याला मोकळी आहे. औष्णिक वीजकेंद्र समुद्राचं पाणी थंडाव्यासाठी घेतं आणि आठ-दहा अंश तापवून परत सोडतं. तिथे कोमट आणि गार दोन्ही पाणी किनाऱ्यावरच मिळतं, खोल पाइप लागतच नाही. उत्तर चेन्नईच्या वीजकेंद्रात एनआयओटीने २००९ मध्ये हे करून दाखवलं आहे. फरक कमी असल्याने पाणी कमी मिळतं, आणि ती उष्णता कोळशाची, उन्हाची नाही. पण वाया जाणाऱ्या उष्णतेतून पाणी काढायचं तत्त्व तेच.

कवरत्तीचं नवं केंद्र कसं चाललंय अशी बातमी पुढे वाचाल तेव्हा किती किलोवॅट वीज झाली याच्यावर थांबू नका. दोन आकडे शोधा. पंपांनी खाऊन वीज किती उरली, आणि पावसाळ्याचे चार महिने डिझेलशिवाय किती लिटर पाणी झालं. १९३० मध्ये मातान्झासला पहिला हिशेब चुकला होता. दुसरा हिशेब कोणी मांडलाच नव्हता, कारण ते पाणी सरळ समुद्रात सोडून दिलं जात होतं.

या भागाबद्दल काही विचारायचं असेल, किंवा तुमच्यापैकी कोणी लक्षद्वीपला राहून आलं असेल आणि तिथल्या नळाच्या पाण्याची चव सांगू शकत असेल, तर जरूर लिहा. पुढच्या भागात भेटूच. तोवर नमस्कार.